अक्काची जीभ आणि जास्वंदीची वाटी

ब्युरेट म्हणजे स्टँडला अडकवलेली एक उभी काचेची नळी. तिच्यात अल्कली, म्हणजे सोप्या भाषेत खाराचं पाणी. खाली चंबूत आम्ल, आणि त्यात दर्शकाचे, म्हणजे रंग बदलून खूण देणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब. डाव्या हातानं तोटी सोडायची, उजव्या हातानं चंबू हलवायचा आणि रंग पालटायची वाट बघायची. बराच वेळ काहीच होत नाही. थेंब पडतो, गुलाबी ठिपका उमटतो, विरून जातो. पुन्हा थेंब, पुन्हा ठिपका. मान अवघडते. आणि मग एक थेंब असा पडतो की चंबूभर गुलाबी.

मला हा थेंब फार आवडायचा. ऐंशीच्या दशकात मी जळगावच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, अंगात गॅदरिंगच्या नाटकांचा वारा होता, आणि तो थेंब म्हणजे मला रंगमंचावर राणी प्रवेश करते तसा वाटायचा. गुलाबी झालं की मी हात पसरून ‘आल्या, बाईसाहेब आल्या’ असं म्हणायचो. शेजारच्या टेबलांवरची मुलं हसायची आणि त्यांचे चंबू हमखास जास्त गुलाबी व्हायचे, म्हणजे बिघडायचे.

आमचे सर एकदा माझ्या मागे येऊन उभे राहिले. बारीक चणीचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, “शेवटच्या थेंबानं रंग बदलला, हे दिसलं. आधीचे सगळे थेंब काय करत होते?”

मी म्हणालो, “सर, विंगेत उभे होते.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न विचारीन, एवढं सांगून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

त्यांनी फळ्यावर वक्र काढून दाखवला होता. आडव्या रेघेवर किती खार घातला ते, उभ्या रेघेवर पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप. सातच्या खाली आंबट, सातच्या वर साबणासारखं. वक्र कसा, तर चोपड्याच्या रस्त्याला लागल्यासारखा. केळीचे सपाट मळे संपता संपत नाहीत, आणि मग एकदम सातपुडा उभा राहतो. वर चढलं की पुन्हा सपाटी. ते चित्र मी पाठ केलं होतं. पण सपाटीवर नेमकं काय चालतं, हे मला कळलं नव्हतं, आणि कळलं नाही याचं मला वाईटही वाटत नव्हतं.

ते कळलं घरी. त्यासाठी अक्काची जीभ जावी लागली.

अक्का म्हणजे माझी आत्या. आम्ही धुळ्याचे, अक्का लग्न होऊन जळगावला आली आणि अर्धं आयुष्य तिथे काढूनही बोलायची मात्र धुळ्याकडचंच. मी तिच्याकडे राहून शिकत होतो. गल्लीत लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणायचे. तिचा दरारा दोन गोष्टींमुळे होता. एक, तिचा आवाज. दुसरी, तिची जीभ, आणि ती बोलण्यासाठी नव्हे.

आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीची बिबडी करतात. बिबडं म्हणजे पापडच, पण ज्वारी आंबवून केलेला. ज्वारी भिजत घालायची, आंबट वास सुटला की उपसून वाळवायची, गिरणीतून काढून आणायची आणि ते पीठ पुन्हा पाण्यात भिजवायचं. सकाळी ते आंबट पीठ तीळ, लसूण, मिरची, मीठ घालून मोठ्या पातेल्यात शिजवलं की घट्ट घाटा होतो. तो गरम असतानाच ओल्या कापडावर थापून गच्चीवर वाळत घालायचा. काही घरांत यात खार घालत नाहीत. आमच्या गल्लीत घालायचे, शिजवण्याआधी. पापडखार पाण्यात विरघळवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं नितळ पाणी पळीपळीनं पिठात सोडायचं. खार कमी पडला तर बिबडं आंबट राहतं आणि तळताना फुलत नाही. जास्त झाला तर तळल्यावर लाल पडतं आणि तोंडात साबण फिरवल्यासारखं लागतं.

किती खार, याचं माप नव्हतं. दर वर्षी ज्वारी वेगळी, हवा वेगळी, आंबणं वेगळं. माप एकच होतं, अक्काची जीभ. चैत्रात ठरलेल्या दिवशी गल्लीतल्या बायका आपापली पातेली घेऊन आमच्या गच्चीवर यायच्या. अक्का पिठात पळीभर खार सोडायची, ढवळायची, करंगळी बुडवून जिभेला लावायची. डोळे मिटायची. पुन्हा पळी. पुन्हा करंगळी. मग एकदा डोळे उघडून म्हणायची, पेटवा. अक्कानं जीभ लावल्याशिवाय चूल पेटवायची नाही, हा गल्लीचा नेम होता. गॅस आला, घराघरात मिक्सर आले, हा नेम हलला नाही.

ज्या बाईचा हात थरथरू लागला किंवा अंदाज चुकू लागला, तिला गच्चीच्या कोपऱ्यात बसवून हातात काठी देत. वाळवणावरचे कावळे हाकायला. कोणी तोंडानं काही म्हणत नसे. ‘तुम्ही सावलीत बसा’ असं प्रेमानं सांगत आणि काठी पुढे करत. अक्कानं स्वतः दोघीतिघींना अशी काठी दिली होती.

त्या थंडीत अक्काला मोठा ताप आला. ती उठली, पण वास आणि चव दोन्ही घेऊन ताप गेला. हे आम्हाला कळायला वेळ लागला, आणि त्याचं कारण मामा. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. मामा म्हणजे ताटात पडेल ते खाणारा माणूस. मी एकदा गावाहून आलो, चहाचा घोट घेतला आणि उठून मोरीकडे पळालो. चहात साखरेच्या जागी मीठ होतं. मामा शेजारीच बसून तोच चहा बशीत ओतून शांतपणे पीत होते. मी विचारलं, मामा, तुम्हाला काही वाटत नाही? ते म्हणाले, दोन-चार दिवस झाले, बदलेल.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी तिला पहिल्यांदाच घाबरलेली पाहिलं.

“मनी जीभ मरी गयी रे भाऊ,” ती हळूच म्हणाली. “कोनले सांगू नको.”

डॉक्टरांनी सांगितलं होतं की येईल परत, किंवा येणार नाही. चैत्र तोंडावर होता. त्यात यंदाची गोष्ट वेगळी होती. समोरच्या काकूंच्या मुलीचं लग्न त्या हिवाळ्यात झालं होतं, चोपड्याला दिली होती. पहिल्या उन्हाळ्यात मुलीबरोबर सासरी बिबडी, कुरडया, शेवया डबे भरून जातात, आणि तिथल्या साऱ्या बायका एक एक तळून बघतात. त्या डब्यावर मुलीच्या माहेराची परीक्षा होते. काकू रोज येऊन सांगायच्या, अक्का, बाकीचं काही असो, बिबडी तुमच्या हातची. अक्का मान डोलवायची आणि त्या गेल्या की भिंतीला टेकून बसायची.

“माले ती काठी धरनी नही,” एवढंच तिनं मला सांगितलं.

आता मी कोण? बी.एस्सी. द्वितीय वर्ष, रसायनशास्त्र. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, अक्का, तू जे करंगळीनं करतेस त्याला आमच्याकडे टायट्रेशन म्हणतात, आणि त्याला जीभ लागत नाही. दर्शक लागतो. मी तुला रंगात चव दाखवतो. हे मी हात पसरून म्हणालो. अक्कानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की नाटकातले टाळीचे संवाद नेहमी पुढच्या अंकात महागात पडतात, हे मला आठवायला हवं होतं.

टोक तुटलेली एक ब्युरेट प्रयोगशाळेनं मोडीत काढली होती, ती सरांना विचारून घरी आणली. शाईच्या बाटलीत थोडा मिथिल ऑरेंज नावाचा दर्शक आणला. अक्कानं वेगळी थोडी ज्वारी आंबवली. मी वाटीभर आंबट पाणी घेऊन त्यात मिथिल ऑरेंजचे थेंब टाकले आणि वरून खार सोडला. चार थेंबांतच नारिंगीचं पिवळं झालं. मी विजयी मुद्रेनं सांगितलं, झालं. रंगवलेलं पाणी मोरीत ओतलं, आणि त्या हिशेबानं बाकीच्या पिठात खार घातला. बिबडी वाळली, तळली. फुललीच नाहीत. मी एक खाल्लं, कैरी चावल्यासारखे दात आंबले. मामांनी चार खाल्ली.

मग मी ठरवलं की दर्शक चुकला. फिनॉफ्थॅलिन हवं, गुलाबी होणारं. त्याची बाटली कपाटात कुलपात होती. पण माझ्या एका वर्गमित्रानं सांगितलं की औषधांच्या दुकानात पोट साफ होण्याच्या ज्या गोळ्या मिळतात, त्यांत तेच असतं. गोळी कुटून स्पिरिटमध्ये भिजवली, आणि खरोखर, खारात टाकली की गुलाबी. अक्कानं मला दोनदा बजावलं की या वाटीतला एक थेंब जरी पातेल्यात गेला तरी गल्लीभर लोटा घेऊन धावपळ होईल. या वेळी खार पडत राहिला, पडत राहिला. पाणी फसफसलं, फेस आला, तरी वाटीत गुलाबी टिकेना. शेवटी टिकलं. त्या मापानं केलेली बिबडी तळल्यावर विटेसारखी लाल झाली. मी तोंडात घातली आणि अंघोळ करताना चुकून तोंड उघडल्यासारखं झालं. मामांनी तीही खाल्ली; फक्त नंतर पाणी जास्त प्यायले.

दोन दर्शक, दोन उत्तरं, दोन्ही चूक. अक्कानं गच्चीवरच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो. या वेळी हात पसरले नाहीत. नाव न सांगता, एका बाईंची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. मग त्यांनी आंबट पाण्याची बाटली माझ्याकडून घेतली आणि पीएच मीटरवरचं भरतकाम केलेलं कापड काढलं. तो मीटर कॉलेजात एकच होता, आणि त्याला विद्यार्थ्यानं हात लावायचा नसे. सरांनी स्वतः खार सोडला, मी काट्याचे आकडे घेतले, आणि आलेखाच्या कागदावर टिंबं मांडली.

वक्र वहीतल्यासारखा नव्हता. सुरुवातीला सपाट होता, आणि फार लांबवर सपाट. मग चढ होता, पण कड्यासारखा नाही, घाटासारखा. सर म्हणाले, स्वयंपाकघरातला खार हा कॉस्टिक सोड्यासारखा सरळ नसतो, तो फेस काढत, अडत अडत चढतो. मिथिल ऑरेंजनं सपाटीवरच हात वर केला होता. फिनॉफ्थॅलिन घाट चढून पलीकडे गेल्यावर जागं झालं होतं.

“दर्शक खरं-खोटं सांगत नाही,” सर म्हणाले. “तो आपल्या जागी रंग बदलतो. ती जागा आपल्याला हवी तीच आहे का, हे आपण बघायचं. आता सांग, त्या बाईंची जीभ या रेघेवर कुठे थांबायची?”

मी घाटाकडे बघत राहिलो. ती जागा सांगू शकणारा एकच दर्शक जगात होता, आणि तो तापात गेला होता.

मग सपाटीकडे बोट दाखवून मी विचारलं, इथे इतका खार पडूनही पीएच का हलत नाही? सरांनी सांगितलं ते मला आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. ज्वारीतलं आम्ल दुबळं असतं. ते सगळं एकदम समोर येत नाही. थोडं मोकळं असतं, बरंचसं राखीव. खार पडला की मोकळं आम्ल मारलं जातं, आणि राखीवातून जवळजवळ तेवढंच पुन्हा पुढे येतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काही घडलंच नाही. आत मात्र प्रत्येक थेंबाला साठा कमी होत असतो. साठा संपत आला की थोड्याच खारानं सगळं पालटतं.

मला एकदम मामा दिसले. मिठाचा चहा, आंबट बिबडं, साबणाचं बिबडं, आणि चेहरा जसाच्या तसा. असा मारा पोटात घेणाऱ्या द्रावणाला रसायनात बफर म्हणतात, तो हाच. यांचा साठा कधी संपतो ते एकदा बघायला हवं, असं मनात आलं आणि मी हसलो. सरांना वाटलं मला समजलं. आणि खरोखरच मला तेव्हा समजलं होतं.

उरला प्रश्न जागेचा. तो सुटला अक्काच्या एका जुन्या रिवाजानं. आमच्याकडे बिबड्यांचा डबा कधी पूर्ण रिकामा करत नाहीत. नवी बिबडी डब्यात पडेपर्यंत जुनी थोडी ठेवायचीच. जुनी संपली तर नवी लाभत नाहीत, असं म्हणतात. मी सायकल हाणत घरी आलो आणि फडताळावरचा पत्र्याचा डबा उघडला. तळाशी मागच्या उन्हाळ्याची बिबडी होती. अक्काची जीभ शाबूत असतानाची.

ती मी कागदात बांधून सरांकडे नेली. खलात कुटली, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवली आणि मीटर लावला. सर म्हणाले, वर्षभर डब्यात राहिलंय, जरा इकडेतिकडे झालं असेल, पण दुसरा साक्षीदार आपल्याकडे नाही. काटा सातच्या जरा अलीकडे येऊन थांबला. घाटाच्या बरोबर मध्यावर. तिनं वर्षानुवर्षं करंगळी बुडवून, डोळे मिटून, कुठे थांबायचं ते हेरलं होतं, आणि मी तिथे एक बारीक फुली काढली.

त्या जागेला पालटणारा दर्शक शोधायला लांब जावं लागलं नाही. तो आमच्या अंगणात रोज उमलायचा. जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात भिजवल्या की आंबटात लालभडक होतात, खारात हिरव्या पडतात, आणि मधे, अगदी त्या घाटातच, जांभळट दिसतात. आणखी एक थोडं पीठ आंबवून आम्ही करून पाहिलं. जांभळं झालं तिथे थांबलो. त्या वेळी तळलेलं बिबडं मामांनी खाल्लं, आणि दुसरं मागितलं. मामांनी मागून घेतलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

ठरलेला दिवस आला. बायका पातेली घेऊन गच्चीवर जमल्या. घाटा ढवळायला दणकट हात लागतात, तेवढ्यासाठी मला वर येऊ दिलं होतं. चुलीला हळदकुंकू वाहिलं, जास्वंदीचं फूल ठेवलं. शेजारी एका चिनीमातीच्या पांढऱ्या वाटीत पाकळ्यांचं पाणी, देवासाठी म्हणून. बेत असा होता: अक्का नेहमीप्रमाणे पळीभर खार सोडणार, करंगळी जिभेला लावणार, डोळे मिटणार, आणि चमचाभर पीठ नैवेद्य म्हणून वाटीत टाकणार. मी रंग बघून, लाल असेल तर उलथनं वाजवणार. जांभळं झालं की गप्प.

काय अभिनय केला म्हातारीनं! एवढ्या वर्षांत आमच्या गॅदरिंगला असली नटी मिळाली नव्हती. मिटलेले डोळे, मागे टाकलेली मान, जिभेचा बारीक चुटका. दर नैवेद्यानंतर मी वाटीतलं पाणी बदलून नवं ठेवत होतो. पहिली पातेली उत्तम निघाली. फक्त समोरच्या काकू एकदा म्हणाल्या, “अक्का, यंदा देवाले लय भूक लागली व माय.”

“ताप काढीसन उठना तो बी,” अक्का म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

शेवटी काकूंचं पातेलं आलं. चोपड्याच्या डब्याचं. त्यांची मुलगी माहेरपणाला आली होती, तिनंच ते उचलून आणलं. झाकण काढलं आणि आंबट वासानं माझे डोळे चुरचुरले. काकू मध्ये जामनेरला कुणाच्या तरी तेराव्याला गेल्या होत्या, आणि ज्वारी एक दिवस जास्त भिजत राहिली होती.

अक्कानं पळी सोडली. लाल. मी उलथनं वाजवलं. पुन्हा पळी. लाल. पुन्हा, पुन्हा. बाकीच्या पातेल्यांना लागला त्याहून जास्त खार पडला, तरी वाटी लालच. गच्चीवरच्या गप्पा हळूहळू थांबल्या. इतका खार अक्कानं कधी घातला नव्हता. काकूंनी पदर तोंडाशी धरला. “अक्का, बास ना. लाल पडतील,” त्या म्हणाल्या.

अक्काचा हात हवेत थांबला. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. आणि मला दिसलं की तिचा माझ्यावरचा, वाटीवरचा, सगळ्यावरचा भरवसा सुटत चालला आहे. मला ती सपाटी डोळ्यांसमोर दिसत होती. आंबट जास्त, म्हणजे सपाटी लांब. पण संपणार. आणि संपली की पळी नको, चमचा हवा, नाहीतर घाट एका पळीत ओलांडून जाईल. हे उलथन्याच्या भाषेत सांगता येत नव्हतं.

“अक्का, थांबू नको,” मी मोठ्यानं म्हणालो. “अजून लागेल. पण आता चमच्या-चमच्यानं.”

बी.एस्सी.चं पोर अक्काला खार सांगतंय. सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून वाटीवर गेल्या आणि वाटीवरून अक्कावर. मला वाटलं, मी तिला संपवलं.

अक्कानं पळी खाली ठेवली. काकू जवळ आल्या आणि तिच्याजवळ बसल्या.

“मले माहीत व्हतं, अक्का,” त्या म्हणाल्या. “होळीले तुमी मह्या घरी जेवल्या. रश्शीत म्या मीठ टाकाले इसरली व्हती. तुमी म्हने, झकास झाली.”

“मंग बोलनी काब नही?” अक्कानं विचारलं.

“काय बोलू? तुमी दुसऱ्यांदा मांगून घेतली व्हती.”

कुणीतरी फिसकन हसलं. अक्काही हसली, पण डोळे पुसत. होळीपासून चैत्रापर्यंत काकू रोज येऊन ‘बिबडी तुमच्या हातची’ म्हणत होत्या, हे सगळं माहीत असताना. आपल्या मुलीचा डबा पणाला लावून. ते त्यांनी का केलं हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मग अक्कानं जे केलं ते मला सुचलं नसतं, सरांनाही सुचलं नसतं. तिनं काकूंच्या मुलीला हाक मारली, पातेल्यापाशी बसवलं आणि करंगळी बुडवायला सांगितली.

मुलगी म्हणाली, आंबट. अक्कानं चमचाभर खार सोडला, ढवळलं, नैवेद्य वाटीत टाकला. लाल. पुन्हा करंगळी. आंबटच. आणखी चमचा. मुलगी थांबली, म्हणाली, आंबटच आहे पण मागून काहीतरी येतंय. वाटीतला लाल मवाळ झाला होता. अक्का तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, जशी सर मीटरच्या काट्याकडे बघतात. आणखी अर्धा चमचा. पाकळ्या माझ्या डोळ्यांदेखत जांभळ्या झाल्या, आणि त्याच क्षणी मुलीनं, कुणी न सांगता, डोळे मिटले.

“हाई चव,” अक्का म्हणाली. “ध्यानमा ठेव. फूल रोज मिळाव नही.”

चूल पेटली. मी घाटा ढवळला, बायकांनी थापला, गच्ची पांढऱ्या चकत्यांनी भरली. कावळे आलेच. कोपऱ्यात काठी टेकून ठेवलेली होती. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळ्या तिच्याकडेच न बघण्याची काळजी घेत होत्या. अक्का उठली, सावकाश चालत कोपऱ्यात गेली, काठी उचलली. क्षणभर हातात तोलून पाहिली. मग परत आली आणि ती माझ्या हातात दिली.

“इतला शिकेल शे ना तू? मंग बस आठे.”

त्या दिवशी मी उन्हं उतरेपर्यंत कावळे हाकले. तोंडी परीक्षेत सरांनी खरंच तो प्रश्न विचारला, आणि मी उत्तर दिलं. विंगेचा उल्लेख टाळला.

नव्वदीत मी धुळ्याला रसायनशास्त्र शिकवायला लागलो. माझ्याही वर्गात एखादा असतोच, गुलाबी झालं की टाळ्या वाजवणारा. त्याला मी रागवत नाही. आधीचे थेंब काय करत होते, एवढंच विचारतो. अक्का अजून काही वर्षं होती. चव परत आली नाही. पण चैत्रात गच्चीवर तिनं करंगळी जिभेला लावून ‘पेटवा’ म्हटल्याशिवाय चूल पेटत नव्हती, आणि सगळ्यांना सगळं माहीत होतं. खार ठरवायला चोपड्याहून ती मुलगी यायची. ती आधी मान हलवायची, मग अक्का डोळे उघडायची.

अक्कानंतरही डबा येतो, आता चोपड्याहूनच. तो आला की मी त्यातलं एक बिबडं, घरात कोणी नसताना, खलात कुटतो आणि जास्वंदीच्या पाण्यात टाकतो. एकदा बायकोनं पकडलं. चांगलं बिबडं नासवलंत, म्हणाली. मी तिला वाटी दाखवली. पाणी जांभळं होतं.